चार इंग्रजी अक्षरं

भोरच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवतोय, आणि त्यातली निम्मी तरी मुलांच्या वह्यांतले राहिलेले काने भरण्यात गेली असतील. कुणी ‘वारा’चं ‘वरा’ केलं की मी लाल पेनानं असा काना ओढायचो की मागच्या पानावर त्याचा वळ उठावा. मुलं माझ्यामागे मला ‘काना मास्तर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला माझा इलाज नाही.

हाच स्वभाव मी सायकलीवर घेऊन गेलो. पन्नाशीच्या आसपास डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून सायकल घेतली, आणि मग हँडलवर लावायचं जीपीएसचं यंत्र. दिसायला साबणाच्या वडीएवढं. आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर नकाशा उघडायचा, कुठून कुठं जायचं ती रेघ आखायची, ती यंत्रात भरायची, की दुसऱ्या दिवशी ते वाटेत टुंई करून सांगत राहतं, डावीकडे वळा, आता सरळ, आता रस्ता चुकलात. बाकीच्यांना सायकल चालवण्यात सुख असतं, मला ती रेघ आखण्यात जास्त होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली, जेवण झालं, की मी नकाशावर बसायचो. वरून घेतलेले फोटो मोठे करकरून बघायचो, डांबर कुठं संपतंय, ओढ्यावर पूल आहे की नुसता फरशी पूल. नकाशाही थापा मारतो. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला त्यानं चांगला जाडजूड रस्ता दाखवलाय. तो रस्ता नाही, ती आमच्या म्हशींची वाट आहे. हिर्डोशी माझं गाव, त्या वाटेनं मी शाळेत गेलोय.

गेलोय म्हणजे आक्काच्या मागं मागं गेलोय. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एसटी कधीमधी यायची, आली तरी थांबेलच असं नाही, म्हणून चालायचं. पाण्याचा ओहोळ आला की ती मला पाठीवर घ्यायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. मग कामथडीला तिचं लग्न झालं, आणि मला दाजी मिळाले.

दाजी म्हणजे अंगानं आडवेतिडवे, गडगडाटी हसणारे शेतकरी. तरुणपणी त्यांनी सायकलीला किटल्या लावून नसरापूरला दूध घातलेलं. माझी नवी सायकल पाहिली आणि साठीला टेकलेला हा माणूस तिच्याभोवती असा फिरला की आक्का म्हणाली, ‘नजर लावाल तिला.’ महिन्याभरात त्यांच्याही दारात एक उभी राहिली. मी तोवर नवं यंत्र घेतलं होतं, माझं जुनं त्यांना दिलं. दाजी त्याला ‘सायेब’ म्हणायचे. चौकात थांबून हँडलकडे वाकून आदबीनं विचारायचे, ‘काय हुकूम सायेब?’ आणि मग मला डोळा मारायचे.

आमचे रविवार ठरून गेले. मी भोरहून निघायचो, ते कामथडीहून, हायवेवर गाठ पडायची, तिथून वेल्ह्याकडे नाहीतर परत भोरवरून वरंध्याच्या बाजूला. निघताना आक्काचं एकच पालुपद असायचं. ‘उतारावर सोडू नका हो सायकल.’ कारण दाजींचा जीव उतारात. चढाला ते धापा टाकत, शिव्या घालत, पण माथा आला की गडी पोरासारखा खूश. मी त्यांना जन्मभर अहो-जाहो केलं, तेही मला ‘मास्तर, तुमी’ असंच म्हणायचे, पण उतार आला की ते ‘या मागनं’ म्हणून जे सुटायचे ते खाली टपरीवर चहा सांगूनच थांबायचे.

त्यांचं आणि साहेबाचं सुरुवातीला जमत नसे. यंत्र डावीकडे म्हणालं तरी ते कुणातरी गुराख्याला विचारायचे आणि तो दाखवील तिकडे जायचे. एकदा हिर्डोशीच्या रस्त्यावर त्यांनी असंच केलं. कुणी म्हणालं, हितनं जवळ पडतंय, रस्ता हाय की. आमच्याकडे माणूस जिथून चालत जाऊ शकतो त्याला रस्ताच म्हणतात. दाजी त्या रस्त्यानं ओढ्यात उतरले आणि सायकल खांद्यावर घेऊन वर आले. तासभर मी डांबरावर उभा होतो, फोन लागत नव्हता, मनात नको ते येत होतं. ते दिसल्यावर सुटका झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, मी मात्र भडकलो. टपरीवर चार माणसांदेखत त्यांना बोललो. ‘तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. मी तास तास बसून रस्ता आखतो तो कशासाठी? त्यात लिहिलंय तेवढं करायला काय होतं?’ वयानं, नात्यानं मोठा माणूस. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बरं मास्तर. हितनं फुडं सायेब म्हनंल ती पूर्व दिशा.’ आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी यंत्राचा शब्द मोडला नाही.

रस्ता आखताना मधल्या खुणा टाकता येतात. त्या जागेवर आलं की यंत्र वाजतं आणि आपण लिहिलेला शब्द दाखवतं. मला तो फारच आवडता उद्योग होता. पाणी कुठं भरायचं, कुत्री कुठं अंगावर येतात, चहा कुठं चांगला, सगळं मी लिहून ठेवायचो. माझ्या नव्या यंत्रात मराठी अक्षरं दिसतात. दाजींच्या जुन्यात मराठी घातलं की नुसते चौकोन उमटायचे. म्हणून आधी मी माझ्यासाठी मराठीत खुणा लिहायचो आणि मग दाजींच्या यंत्रासाठी तेच शब्द इंग्रजी अक्षरांत करून घ्यायचो. लांब लिहिलं तर कापलं जायचं, म्हणून एकेक शब्द.

आमचा पासलीचा बेत हिवाळ्याच्या तोंडाला ठरला. भातं निघाली होती. आदल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या घरच्या लग्नाला मी टेम्पोतून पासलीला जाऊन आलो होतो, तेव्हा पाहिलं की वेल्ह्याच्या पुढं एका उतारावर, खाली वळणाआड, रस्त्याखालच्या मोरीचं काम काढलंय. अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावर खडी पसरलेली. सायकल हातात धरून चालत जाण्याची जागा. मी मनाशी टिपलं. शनिवारी रस्ता आखताना तिथं खूण टाकली, आणि ऐनवेळी कळून उपयोग काय म्हणून ती जरा आधीच, वर माथ्यावर टाकली. माझ्या यंत्रात लिहिलं, ‘उतर’. सायकलीवरून खाली उतर, बाबा. मग दाजींच्यासाठी सगळ्या खुणा इंग्रजीत केल्या. पाणी, चहा, कुत्री, उतर. यू, टी, ए, आर. दहा मिनिटांचं काम होतं. परत वाचून पाहिलं नाही. मुलांना मी पेपर दोनदा वाचायला लावतो.

रविवारी दाजी मजेत होते. नसरापूरला थांबून त्यांनी केळी घेतली, वेल्ह्यात चहा झाला. पुढच्या चढाला नेहमीसारख्या शिव्या झाल्या. माथ्याच्या जरा अलीकडे मी पाणी प्यायला थांबलो, ते पुढं गेले. पन्नासेक पावलांवर असतील. त्यांचं यंत्र वाजलं ते मला ऐकू आलं. त्यांनी खाली वाकून वाचलं आणि मागं न बघता ओरडले, ‘मास्तर, सायेब उतार म्हनत्यात!’ आणि हसले. समोर उतारच होता.

मी ऐकलं. हे मला लिहायलाच हवं. ‘उतार’ हा शब्द, त्यातला लांबलचक काना, मी कानांनी स्वच्छ ऐकला. बाटली माझ्या तोंडाला होती. वर्गात कुणी शेवटच्या बाकावर असा चुकला असता तर मी वाक्य संपायच्या आत थांबवला असता. त्या दिवशी मी पाण्याचा घोट गिळला, बाटली जागेवर लावली, टोपी नीट केली आणि पायडल मारलं. माथ्यावर आलो. माझं यंत्र वाजलं. पडद्यावर आलं, ‘उतर’.

तेव्हा मला कळलं. मी त्यांना हाक मारली. हाक कुठपर्यंत गेली माहीत नाही, ते दिसत नव्हते. मग सायकलचा आवाज थांबला, एवढंच.

पासलीकडून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं आम्हाला उचललं. वेल्हे, तिथून पुणं. दाजींच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मानेचं काय करणार. तीन दिवस ते होते आणि एकदाही बोलले नाहीत. मी बाहेर बाकावर बसून एकच मागणं मागत होतो, की त्यांनी डोळे उघडावेत आणि मला शिवी द्यावी. चौथ्या दिवशी आम्ही त्यांना कामथडीला आणलं.

कसं झालं म्हणून आक्कानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘उतारावर जोरात गेले.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. मी असा खरं बोलून सुटलो, आणि आक्कानं ते वाक्य धरलं.

आमच्याकडे दुखवट्याला माणसं येतात ती महिनोन् महिने येत राहतात. येणारी बाई गळ्यात पडते, रडते, मग बसते आणि विचारते, ‘झालं कसं गं?’ आणि घरच्या बाईनं पहिल्यापासून सांगायचं असतं. प्रत्येकीला नव्यानं. तेरा दिवस मी ओट्यावर बसून ते ऐकलं, नंतरही दर रविवारी जात राहिलो तेव्हा ऐकलं. ‘सांगून सांगून दमले, उतारावर सोडू नका. पर कुनाचं ऐकलं हाय का कदी? माजं न्हाई ऐकलं, मास्तराचं न्हाई ऐकलं.’ बायका माना हलवायच्या. ‘लई हट्टी मानूस,’ म्हणायच्या. हळूहळू दाजी तेवढेच उरले, कुणाचं न ऐकणारा, आपल्या हौसेपायी बायकोला उघडं टाकून गेलेला माणूस. एकदा तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ह्यानं बिचाऱ्यानं समदं लिवून दिल्यालं, तरीबी.’ मी खाली मान घालून चहा प्यायलो. त्या चहाची मला अजून शिसारी येते.

सांगायचं ठरवून मी किती वेळा गेलो आणि तसाच परत आलो, त्याला गणती नाही. कधी घरात पाहुणे असत, कधी ती जरा बरी दिसे आणि वाटे, आज कशाला. ही सगळी सोंगं. मला भीती वाटत होती. आईवडील गेल्यावर ‘जेवलास का’ म्हणून विचारणारं तेवढं एकच दार मला उरलं होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

दिवाळी आली. दुःखाचं वर्ष, त्यामुळे फराळ नाही, ओवाळणं नाही. तरी भाऊबीजेला मी कामथडीला गेलो. आक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. मीही समोर बसून तोडायला लागलो. थोड्या वेळानं ती आत गेली, फडक्यात गुंडाळलेलं दाजींचं यंत्र घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. ‘तुजंच हाय. घिऊन जा. मला नगं समोर.’ परत शेंगा तोडायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली, ‘एक इचारू का रं? माज्यात त्येंचा जीव असता, तर सोडली असती का सायकल? माजं त्वांड आटवलं नसंल का तवा?’

चाळीस वर्षांचा संसार. त्या माणसानं हिला कधी एकटीला पाणी आणू दिलं नव्हतं, आणि माझ्या एका वाक्यापायी ती हे विचारत होती. इतके दिवस माझी बहीण मला दुरावेल म्हणून मी गप्प बसलो होतो, आणि तिचा नवरा मी दुसऱ्यांदा नेला होता.

माझ्या पिशवीत चार्जर होता. पडवीतल्या बटणाला यंत्र लावलं, थोडं थांबलो. ते उजळलं. पासलीचा रस्ता त्यात होता, खुणा एकाखाली एक होत्या. मी शेवटची काढली आणि आक्काच्या पुढं धरली. ‘आक्का, हे वाच.’

‘मला विंग्रजी कुठं येतंय?’

‘अक्षरं येतात. वाच.’

तिनं हात पदराला पुसले. यंत्र लांब धरलं, मग जवळ. ‘यू. टी.’ ती थांबली. ‘ए. आर.’ मग ओठांतल्या ओठांत जुळवून, ‘उतार.’

तीही तेच वाचणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. तरी तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मी पडवीच्या पायरीवर बसलो. तिला सगळं सांगितलं. लग्नाहून येताना मोरी पाहिली ती, वर माथ्यावर खूण टाकली ती, मराठी आणि इंग्रजी. दाजी ओरडून काय म्हणाले ते. मी पाणी पीत होतो ते. एका कान्याचा फरक, आक्का, मी म्हणालो. इंग्रजीत काना दिसत नाही. मी ‘उतर’ लिहिलं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी लहान असताना काही वेडंवाकडं बोललो की पाहायची तसं.

‘दाजीला “उतर” म्हनालास?’ ती म्हणाली. ‘थोरल्या मानसाला? “उतरा” न्हाई का म्हनायचं?’

वर्षभर मी तो काना उगाळत होतो. झोपेत, वर्गात, फळ्यावर लिहिताना. आणि हे माझ्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. उतरा. इंग्रजीत लिहिलं असतं तरी कुणी त्याचं उतार वाचलं नसतं. खूण मी स्वतःसाठी लिहिली होती, आणि स्वतःला कोण अहो-जाहो करतं? तीच उचलून मी त्यांना दिली. जन्मभर तोंडावर ज्यांना ‘तुम्ही’ म्हटलं त्यांना मी एकदाच अरेतुरे केलं, तेही घाईत, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीनं ती चूक एका दमात काढली.

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगणात, भर दुपारी. तिनं मला रडू दिलं. जवळ आली नाही.

मग ती म्हणाली, ‘मंजी त्येंनी ऐकलं.’

‘व्हय.’

‘तू लिवल्यालं ऐकलं. यंत्रात जे व्हतं तेच केलं.’

‘व्हय आक्का.’

‘आन् म्या वरीसभर...’ तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, तिनं त्या गोळा केल्या नाहीत. ‘येनाऱ्या-जानाऱ्या बाईला म्या सांगत बसले, ऐकत न्हाईत म्हनून. किती जनी आल्या असतील रं. समद्यांस्नी सांगितलं. आता त्या कुठं कुठं गाठू?’

ती उठली, डोक्यावर पदर घेतला, चपला पायात सरकवल्या.

‘चल,’ म्हणाली.

‘कुठं?’

‘सांगाया. तुज्या तोंडानं.’

पहिलं घर शेजारचंच होतं. तिथल्या म्हाताऱ्या काकी दुखवट्याला सगळ्यांत आधी आल्या होत्या आणि ‘लई हट्टी मानूस’ हे शब्द त्यांचेच. त्या दारात भात वाळत घालत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, ‘या मास्तर, बसा. च्या टाकू का?’

‘च्या नगं काकी,’ आक्का म्हणाली. ‘ह्यो काय सांगतोय ते ऐका.’

मी उभ्यानंच सांगितलं. दाजींची चूक नव्हती. ते हट्टानं गेले नाहीत. यंत्रात चुकीचं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी त्यातलं ऐकलं. काकींनी तोंडाला पदर लावला, ‘आगं बया,’ म्हणाल्या. मला वाटलं, झालं. मी वळलो.

आक्का जागची हलली नव्हती.

‘कुनी लिवल्यालं,’ ती म्हणाली, ‘ते बी सांग.’